बटाट्याच्या मायटोकाँड्रियात कॅल्शियम टाकूनही फुगवटा नाही: चॅनेल नाही की चाचणीत घोळ?

प्रश्न: एमएस्सी_गंगापूररोड

नमस्कार. एमएस्सी प्रोजेक्टसाठी बकऱ्याची कलेजी आणि बटाटा यांच्या मायटोकाँड्रियाची तुलना चालू आहे. ५४० नॅनोमीटरवर शोषण मोजतो. एकूण आकारमान १ मिलि, प्रथिन ०.५ मिग्रॅ, सक्सिनेट ५ मिलिमोलर, रोटेनोन १ मायक्रोमोलर, फॉस्फेट १ मिलिमोलर, कॅल्शियम क्लोराइड २०० मायक्रोमोलर.

कलेजी (२५० मिलिमोलर सुक्रोजमध्ये): दहा मिनिटांत शोषण १.० वरून ०.६ वर येतं. सायक्लोस्पोरिन ए (आतल्या पटलातलं भोक उघडू न देणारं औषध) १ मायक्रोमोलर आधी टाकलं तर घट जवळजवळ थांबते.
बटाटा (त्याच सुक्रोजमध्ये): काहीच हालचाल नाही. १२५ मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये मात्र कॅल्शियम न टाकताच शोषण घसरतं.

बटाट्याचे मायटोकाँड्रिया काढणीच्याच बफरमध्ये ठेवतो: मॅनिटॉल ०.४ मोलर, मॉप्स (पीएच स्थिर ठेवणारं) २० मिलिमोलर, ईडीटीए (कॅल्शियम बांधून ठेवणारं) २ मिलिमोलर, बीएसए (संरक्षक प्रथिन) ०.२ टक्के, पीएच ७.५. क्युव्हेटमध्ये (शोषण मोजायच्या छोट्या भांड्यात) त्यातले १०० मायक्रोलिटर.

यावरून बटाट्यात व्हीडॅक (मायटोकाँड्रियाच्या पटलातला चॅनेल) नाही किंवा बंद आहे असं लिहिता येईल का? आणि नाशिकचा प्रोजेक्ट म्हणून हेच द्राक्षावर केलं तर?

उत्तर १: पटलवाहक

व्हीडॅकबद्दल या प्रयोगातून एक ओळही लिहू नका. फुगवट्याची चाचणी आतल्या पटलाबद्दल बोलते, व्हीडॅक बाहेरच्या पटलात असतो. सुक्रोज बाहेरच्या पटलातून व्हीडॅकवाटे सहज जातं. अडवतं ते आतलं पटल. म्हणून आतल्या पटलात भोक पडलं की आतला भाग पाणी ओढतो, फुगतो आणि प्रकाश कमी विखुरतो.

बटाट्यात व्हीडॅक आहे, भरपूर आहे. १९ बीटा-पट्ट्यांची नळी, वजन साधारण ३० हजार डाल्टन, आत एक आल्फा-सर्पिल. माणसाच्या व्हीडॅक-१ ची रचना २००८ मध्ये उलगडली. सस्तन प्राण्यांत तीन प्रकार आहेत आणि वनस्पतींतही एकाहून जास्त. शून्य मिलिव्होल्टच्या आसपास तो उघडा असतो, एटीपी-एडीपी त्यातून ये-जा करतात. दोन्ही बाजूंना ३०-४० मिलिव्होल्टच्या पुढे तो 'बंद' होतो, पण म्हणजे बुजत नाही: १ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये वहनक्षमता सुमारे ४ नॅनोसीमेन्सवरून २ वर येते आणि पसंती ऋण आयनांकडून धन आयनांकडे वळते. एटीपी अडतं, कॅल्शियम जाऊ शकतं. हा फरक प्रोजेक्टमध्ये जरूर लिहा, मुलं नेहमी गाळतात.

आता तुमचा बटाटा. ईडीटीएचा हिशेब करा. २ मिलिमोलरचे १०० मायक्रोलिटर १ मिलिमध्ये गेले म्हणजे क्युव्हेटमध्ये २०० मायक्रोमोलर ईडीटीए. कॅल्शियमही २०० मायक्रोमोलर. एकास एक बांधलं गेलं, मोकळं कॅल्शियम उरलंच नाही. ईडीटीए फक्त काढणीत ठेवा. शेवटचे दोन धुवणीचे फेरे मॅनिटॉल, मॉप्स आणि बीएसए एवढ्यावरच द्या. गोळाही त्यातच घट्ट मिसळा, २० ते ३० मिग्रॅ प्रति मिलि, म्हणजे २० मायक्रोलिटरमध्ये काम भागेल.

उत्तर २: प्रयोगवही

ईडीटीएशी पूर्ण सहमत. पोटॅशियम क्लोराइडमधल्या घसरणीची दोन कारणं असू शकतात आणि ती आलेखावरूनच वेगळी करता येतात.

पहिल्या काही सेकंदांत धपकन पडून मग आडवी रेघ आली, तर तो परासरणाचा धक्का आहे. मायटोकाँड्रिया ०.४ मोलर मॅनिटॉलमधून येतात, तुमचं १२५ मिलिमोलर मीठ त्यापेक्षा बरंच पातळ. १८० मिलिमोलर घ्या. सुक्रोजही २५० ऐवजी ४०० करा.

मिनिटभर सावकाश उतार दिसला, तर पोटॅशियम आत जातंय. वनस्पतींच्या आतल्या पटलात पोटॅशियमचे चॅनेल असतात. ड्यूरम गव्हात एटीपीने बंद होणारा चॅनेल १९९९ मध्ये दाखवला गेला. १ मिलिमोलर एटीपी आधी टाकून उतार मंदावतो का पाहा. मंदावला तर प्रोजेक्टमधला सगळ्यात चांगला आलेख तोच ठरेल.

कॅल्शियमची वाटही दोघांत सारखी नाही. कलेजीत ते एमसीयूमधून (आतल्या पटलातला कॅल्शियमचा चॅनेल) आत जातं (हे प्रथिन २०११ मध्ये ओळखलं गेलं). रुथेनियम रेड (एमसीयू अडवणारा रंग) १ मायक्रोमोलर टाकलं तर तुमचा फुगवटा थांबायला हवा, हा नियंत्रण-प्रयोग वहीत हवाच. प्राण्यांच्या एमसीयूला चालू राहायला एमरे नावाचं छोटं प्रथिन लागतं. वनस्पतींत एमसीयूचे नातलग आहेत, एमरे सापडत नाही, आणि कॅल्शियम शोषण्याचा वेग ऊतीऊतीनुसार खूप बदलतो. त्यामुळे धुऊन घेतल्यावरही बटाटा कलेजीसारखा वागेलच असं नाही. 'फुगला नाही' याचा अर्थ आधी 'कॅल्शियम आत गेलं नाही' असा घ्या. आर्सेनाझो-३ (कॅल्शियमशी जुळून रंग बदलणारं द्रव्य) वापरून ६५० नॅनोमीटरवर बाहेरचं मोकळं कॅल्शियम कमी होतंय का ते तपासा, मग चॅनेलबद्दल बोला.

एमएस्सी_गंगापूररोड

खूप आभार. व्हीडॅक हा सायक्लोस्पोरिनने बंद होणाऱ्या भोकाचा भाग असतो असं नोट्समध्ये होतं, म्हणून गोंधळ झाला. बाहेरचं पटल शाबूत आहे हे कसं दाखवू?

उत्तर ३: पटलवाहक

ते जुनं चित्र आहे. व्हीडॅक नसलेल्या उंदरांच्या पेशींतही ते भोक उघडतं, हे २००७ मध्ये दाखवलं गेलं. सायक्लोस्पोरिन बसतं ते आतल्या सायक्लोफिलिन-डी या प्रथिनावर. भोक नेमकं कशाचं, यावर अजून वाद आहे, तसंच लिहा.

बाहेरच्या पटलासाठी सायटोक्रोम-सी. १२ हजार डाल्टनचं हे प्रथिन व्हीडॅकमधून जात नाही, म्हणून बाहेरचं पटल फुटलं तरच आतल्या विकराला ते भेटतं. क्षपणित सायटोक्रोम-सी ५० मायक्रोमोलर घ्या (अ‍ॅस्कॉर्बेटने क्षपण करून, जास्तीचं अ‍ॅस्कॉर्बेट स्तंभातून काढून), ५५० नॅनोमीटरवर मिनिटाला किती घट होते ते मोजा. मग तेच ट्रायटन एक्स-१०० (पटल फोडणारं साबणासारखं द्रव्य) ०.०५ टक्के घालून. शाबूत ०.०४ आणि फुटलेले ०.५० आले, तर (०.५० − ०.०४) ÷ ०.५० म्हणजे ९२ टक्के पटल शाबूत. सायनाइडने ही घट थांबायला हवी. ते हूडखालीच हाताळा आणि आम्लाजवळ कधीही नेऊ नका.

आकडा ८० च्या खाली आला तर दोष बहुधा मिक्सरचा. दोन-दोन सेकंदांचे तीनच झटके द्या, मलमलीतून गाळा, ३,००० जी वर ५ मिनिटं, मग १२,००० जी वर १५ मिनिटं. एप्रिल-मेमध्ये रोटर आदल्या रात्रीच फ्रीजमध्ये ठेवा.

उत्तर ४: प्रयोगवही

द्राक्षाचं राहिलंच. मण्याच्या पेशीत जवळजवळ सगळी जागा रिक्तिकेची, रस पीएच ३.५ च्या आसपास आणि सालीत टॅनिन. दळताक्षणी २० मिलिमोलर मॉप्स हरतं आणि टॅनिन प्रथिनांना चिकटतं. करायचंच असेल तर साल-बी काढा, मॉप्स ५० वर न्या, पीव्हीपी (टॅनिन धरून ठेवणारं) १ टक्का आणि सिस्टीन ४ मिलिमोलर घाला, आणि दळताना पीएच पट्टीने बघत केओएचने ७.५ ला आणत राहा. उत्पन्न तरीही थोडंच मिळेल. पहिल्या तुलनेसाठी मार्केट यार्डातला ताजा फ्लॉवर घ्या, त्याच्या पांढऱ्या गड्ड्याचा वरचा अर्धा सेंटिमीटर खरवडून. नाहीतर अंधारात वाढवलेले चार-पाच दिवसांचे मुगाचे मोड. क्लोरोप्लास्टची भेसळ दोन्हींत नगण्य.