गडगा कोणी सरकवला?

(चिपळूण. सोसायटीचा ग्रुप, रविवार सकाळ.)

बापू, ए-३०२: *फॉरवर्डेड* सावधान!! कोकण किनारपट्टी दरवर्षी ५ सेंटीमीटर सरकत आहे!! शास्त्रज्ञ हादरले!! हा मेसेज १० ग्रुपवर पाठवा.

शिर्के सेक्रेटरी: बापू, ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे. टँकरचे पैसे चौघांचे बाकी आहेत, त्यात तुम्ही पण.

जोशी काकू, बी-१०१: अगो बाई. म्हणजे परत भूकंप काय?

संदेश, सी-२०४: काकू, घाबरू नका. आकडा बरोबर आहे, बाकी सगळा मसाला. कोकण एकटं सरकत नाही. नागपूर, कन्याकुमारी, सगळा भारत ईशान्येला सरकतोय. नखं वाढतात ना, साधारण तेवढ्या वेगाने. आणि शास्त्रज्ञ हादरलेले वगैरे नाहीत, ते वर्षानुवर्षं हेच मोजतायत.

बापू: सबुर. दरवर्षी ५?

संदेश: हो, साधारण.

बापू: गावचा आमचा हद्दीचा दगडी गडगा १९९५ सालचा. ३० वर्षांचे दीड मीटर झाले. नैऋत्येचा शेजारी ईशान्येला सरकला म्हणजे सरळ माझ्या आगरात आला. कोर्टात हेच सांगतो आता.

मंगेश, ए-१०४: 😂😂😂

शिर्के सेक्रेटरी: बापूंनी वकील वाचवला.

संदेश: अहो, तो सरकला तसे तुम्ही पण सरकलात. रत्नागिरीच्या एस्टीत बसल्यावर मागच्या सीटवरचा माणूस गणपतीपुळ्यापर्यंत तुमच्या मांडीवर येतो का? गडगा, तुम्ही, शेजारी, सगळे एकाच गाडीत.

मंगेश: गाडी आदळली तर?

संदेश: तर पुढचे चेपतात. तेच चाललंय हिमालयात. आपण आशियावर जाऊन आदळतोय, त्यातलं वर्षाला २ सेंटीमीटरच्या आसपास हिमालयात दाबलं जातं. म्हणून मोठे भूकंप तिकडे.

जोशी काकू: मोठे तिकडे म्हणतोस, पण कोयना? ११ डिसेंबर १९६७. मी नऊ वर्षांची. पहाटे सव्वाचारची वेळ, काळोख. आधी गोठ्यातली म्हैस दावं तोडायला लागली, मग मांडणीवरची पितळेची भांडी एकेक करून खाली. कौलं घसरली. आजोबांनी सगळ्यांना अंगणात काढलं. त्या थंडीत आठ दिवस पेंढ्यावर झोपलो. घाटावर किती माणसं गेली.

संदेश: सुमारे १८० गेली काकू. वेळ ४ वाजून २१ मिनिटं, तुमची आठवण पक्की आहे. ते दुखणं वेगळं. भारत ज्या खडकाच्या सरकत्या तुकड्यावर, म्हणजे प्लेटवर आहे, तिच्या कडेला कोयना नाही, मध्ये आहे. खडकात जुन्या भेगा होत्याच, त्यात धरणाचं पाणी मुरलं, भेगांमधला दाब वाढला आणि साठलेला ताण सुटला. मोठ्या जलाशयामुळे सुरू झालेल्या भूकंपाचं उदाहरण म्हणून जगभर कोयनेचंच नाव घेतात. तिथे जमिनीत ३ किलोमीटर खोल भोक पाडलंय, ते कशासाठी, हेच बघायला.

आर्या, बी-३०३: दादा एक शंका. सगळेच सरकतायत तर मोजतात कसं? एस्टीच्या खिडक्या बंद असल्या तर गाडी चालतेय हे कसं कळणार?

संदेश: हा खरा प्रश्न. थांब, चहा घेतो मग लिहितो.

बापू: माझ्या फोनचं जीपीएस मला घरी बसवून वाशिष्ठी नदीत दाखवतं. त्याने ५ सेंटीमीटर मोजणार??

संदेश: फोन तीन-चार मीटर तरी चुकतो. हे लोक काय करतात, खडकात खांब पुरतात, वर अँटेना. ती कायम तिथेच. २०,००० किलोमीटर वरच्या उपग्रहांचे सिग्नल रात्रंदिवस घेते. त्या रेडिओ लाटेची लांबी १९ सेंटीमीटर. लाटेचा केवढा तुकडा पोचला हे बघितलं की हिशोब मिलिमीटरवर येतो. एका दिवसाचा आकडा थोडा मागेपुढे होतो. पण चार-पाच वर्षांचे ठिपके कागदावर मांडले की तिरकी रेघ सरळ दिसते. बंगळूर आणि हैदराबादला अशी स्टेशनं आहेत. मी जमीन मोजणीला रोव्हर, म्हणजे हातात न्यायचं जीपीएस यंत्र, नेतो तो पण अशाच कायमच्या स्टेशनांच्या आधाराने चालतो. म्हणून अक्षांश-रेखांश कुठल्या सालचे ते पण बघावं लागतं.

आर्या: पण उपग्रह पण फिरतायत. खिडकीबाहेरचं झाड कुठलं?

संदेश: क्वेसार. म्हणजे दूरच्या आकाशगंगांचे लखलखीत गाभे. अब्जावधी प्रकाशवर्षं लांब, इतके लांब की जागचे हलल्यासारखे दिसतच नाहीत. दोन खंडांवरच्या रेडिओ दुर्बिणी एकाच क्वेसारकडे तोंड करतात. त्याची लाट एकीकडे आधी पोचते, दुसरीकडे किंचित नंतर. तो फरक अणुघड्याळाने मोजायचा, त्यातून दोन दुर्बिणींमधलं अंतर निघतं. अमेरिका आणि युरोप एकमेकांपासून लांब जातायत हे १९८० च्या दशकात असंच प्रत्यक्ष मोजलं. वेगेनर नावाचा जर्मन शास्त्रज्ञ १९१२ पासून खंड सरकतात म्हणून सांगत होता, बहुतेकांनी त्याला वेड्यात काढलं. १९३० ला बिचारा ग्रीनलँडच्या बर्फातच वारला.

आर्या: 😢

संदेश: अजून एक गंमत. १९७६ साली लॅजिओस नावाचा गोळा वर सोडला. ६० सेंटीमीटरचा, त्याला ४२६ आरसे. ना मोटर, ना कॅमेरा. जमिनीवरून लेझर मारायचा, परत यायला लागलेला वेळ मोजायचा, त्यातून अंतर निघतं. अजून फिरतोय.

मंगेश: आणि आपला निसार उपग्रह? परशुराम घाटातली दरड त्याला कळेल का?

संदेश: ३० जुलै २०२५ ला वर गेला. दर १२ दिवसांनी त्याच जागेवरून रडार मारतो. उतार हळूहळू सरकत असला तर दोन फेऱ्यांच्या फरकात दिसू शकतं. एका पावसात धाडकन येणारी दरड मात्र त्याच्या १२ दिवसांची वाट बघत नाही.

जोशी काकू: परशुरामाने बाण मारून समुद्र हटवला म्हणतात, तो कुठे मोजायचा?

संदेश: काकू, कोकणचा किनारा मुळात तुटलेलाच आहे. सहा कोटी वर्षांपूर्वी इथून सेशेल्सची बेटं वेगळी झाली. मधल्या अरबी समुद्रात अजून नवा तळ तयार होतोय, पण इथून खूप लांब.

मंगेश: म्हणजे सेशेल्सला हापूसवर हक्क सांगायला नको.

बापू: ते राहू दे. शेजारी सरकला नाही, मी सरकलो नाही, मग गडगा माझ्यात आला कसा?

संदेश: आला हे कशावरून?

बापू: थांब, फोटो टाकतो. ताईच्या लग्नातला, ९६ चा. मागे फणस बघ. फणसाच्या पलीकडे गडगा. आज फणस गडग्याच्या पलीकडे, आणि फणस तो खातो.

संदेश: फणस तोच ना? नवीन लावलेला नाही?

बापू: आजोबांनी लावलेला. बुंध्याला झोपाळ्याचे कडे आहे अजून.

संदेश: मग झालं तर. फणस तुमचा क्वेसार. फोटो जपून ठेवा आणि हद्द कायम मोजणीचा अर्ज करा. वर्षाला ५ सेंटीमीटर सरकतो तो देश. फणसाला वळसा घालून जातो तो गडगा, त्याला दोन माणसं आणि एक अमावस्या लागते.

जोशी काकू: अर्ज कर हो बापू. आणि फणस उतरवलास की एक बरका इकडे पाठव.

शिर्के सेक्रेटरी: आणि टँकरचे पैसे.