सणाच्या बैठकीत दंडावरचे वळ दिसले, तर तिथेच बोलायचं की नाही?

उंबरठा

मोठ्या सुट्टीत सगळं गणगोत एका घरात जमलं होतं. अठरा-वीस माणसं, मुलांचा दंगा. माझी मावसबहीण काहीतरी गंमत सांगत होती. नवऱ्याच्या विसरभोळेपणाची, साधीच. त्याने हसत हसत तिच्या दंडावर हात ठेवला आणि ती बोलता बोलता थांबली. गंमत अर्धीच राहिली. पुढे काय झालं म्हणून कोणी विचारलंही नाही.

नंतर हात धुताना तिने बाही वर सारली तेव्हा दिसलं. एका बाजूला चार बोटं, दुसऱ्या बाजूला अंगठा. काही वळ निळे, काही पिवळट पडलेले, म्हणजे एका दिवसाचे नव्हते. तिने माझ्याकडे पाहिलं, बाही खाली ओढली आणि म्हणाली, "टॉवेल दे गं."

मी टॉवेल दिला. तेवढंच केलं. चार दिवस झाले, त्याची लाज जात नाहीये.

माझं मत सांगते. मी तिथेच, सगळ्यांच्या देखत त्याला विचारायला हवं होतं. "सण आहे, विरजण नको" म्हणून आपण सगळे गप्प बसतो, आणि असली माणसं त्याच गप्प बसण्यावर निर्धास्त असतात. वेगळं वाटत असेल तर लिहा.

रोखठोक७

+१. चारचौघांत इज्जत गेल्याशिवाय असले लोक सुधारत नाहीत. पुढच्या वेळी टॉवेल नका देऊ, आवाज द्या.

दुसरीपाळी

असहमत. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या. मी सात वर्षं एका हेल्पलाइनवर संध्याकाळची पाळी करते.

तुम्ही चारचौघांत विचारलंत असं धरू. तो हसेल, म्हणेल, "पडली होती." तीही म्हणेल, "पडले होते." मंडळी विषय बदलतील. रात्री तुम्ही सगळे आपापल्या घरी जाल आणि त्यांचं दार आतून लागेल. 'तू तिला काय सांगितलंस?' हा प्रश्न मग तिला विचारला जातो, तुम्हाला नाही.

सणाच्या दिवशी आमचा फोन बहुतेक शांत असतो. नवीन आलेल्यांना वाटतं, चला, आज सगळीकडे आनंद आहे. तसं नसतं. घर भरलेलं असतं, तो दिवसभर घरात असतो, फोन सगळ्यांसमोर पडलेला असतो. बोलणार कुठून? सुट्टी संपून तो कामावर गेला की दुपारी फोन वाजायला लागतात. कितीतरी जणी सुरुवातच अशी करतात, "सण होऊन जाऊ दे म्हणून थांबले होते."

त्यामुळे तिला एकटीला गाठा. "मी पाहिलं. तुला हवं तेव्हा मी आहे," इतकंच म्हणा. 'सोडून दे त्याला' हे पहिल्या भेटीत अजिबात नको. ती निघायला लागते तोच काळ बहुधा सगळ्यात धोक्याचा असतो. निघायचं कधी हे तिला ठरवू दे.

जुनापुराणा

दोन्ही बाजू वाचल्या. सुट्टीत खर्च वाढतो, पाहुणे असतात, काही घरांत दारू असते. माणसाचा तोल जातो. एका वळावरून हेल्पलाइन आणि पोलिसांपर्यंत जाल तर घर मोडेल. वडीलधाऱ्यांनी बाजूला घेऊन समजवावं. आमच्या वेळी तेच व्हायचं आणि संसार टिकायचे.

उंबरठा

काका, आदर ठेवून सांगते. हात ठेवताना तो हसत होता. तोल गेलेला माणूस हसत नाही, आणि बाहीखालची जागाही निवडत नाही.

शंकेखोर

काकांचं सगळंच मोडीत काढू नका. कार्ड आणि डाल या अर्थशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये अमेरिकेतल्या पोलीस नोंदी तपासल्या होत्या. हमखास जिंकेल असं वाटणारा स्थानिक फुटबॉल संघ हरला, की घरात पुरुषांनी जोडीदारावर केलेल्या हिंसेच्या नोंदी सुमारे १० टक्क्यांनी वाढायच्या. म्हणजे ताण, अपेक्षाभंग यांचा संबंध आहेच. सणाकडून तर अपेक्षा ढीगभर असतात.

दुसरीपाळी

तो अभ्यास मलाही माहीत आहे. पण त्याच गावात तोच सामना हरलेल्या बाकीच्या हजारो पुरुषांनी हात उचलला नाही. ज्यांनी उचलला, त्यांनी तो पंचावर उचलला नाही. सण गेला की हे थांबतं असंही नाही, पुढचं निमित्त येतं. आणि ही चारदोन घरांची गोष्टही नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे, १५ ते ४९ वयाच्या ज्या स्त्रियांना कधीतरी जोडीदार होता, त्यांतल्या सुमारे २७ टक्क्यांनी त्याच्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा एकदा तरी भोगलेली आहे. अठरा-वीस जणांच्या त्या बैठकीत बायका किती होत्या, मोजून बघा.

अर्धविराम

लिहू की नको करत तीनदा खोडलं.

मला चारचौघांत विचारलं होतं, माझ्या सख्ख्या काकाने. मी म्हणाले, कपाटाचं दार लागलं. त्या एका प्रश्नाची किंमत म्हणून पुढचे आठ महिने माहेरचा फोन बंद. म्हणून दुसरीपाळी म्हणतात ते खरं आहे. पण एक सांगते, कोणाला तरी दिसतंय हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. काकाचा राग मी आजही करू शकत नाही. दोन्ही खरं आहे, काय करू.

मला बाहेर काढलं ते शेजारच्या ताईंनी. त्यांनी कधी विचारलं नाही. एवढंच म्हणाल्या, "काही ठेवायचं असेल तर माझ्या कपाटाचा खालचा कप्पा रिकामा आहे." तीन आठवड्यांत एकेक वस्तू नेऊन ठेवली. ओळखपत्रं, मुलीचा जन्मदाखला, बँकेचं पुस्तक, दम्याचा पंप, जास्तीची किल्ली. सगळं एकदम नेलं असतं तर त्याच्या लक्षात आलं असतं. आमचा परवलीचा शब्दही ठरला होता. मी फोनवर शिवणाचं पुस्तक मागितलं की त्यांनी पोलिसांना कळवायचं.

त्याने एकदा गळा धरला होता, तेवढं सोडलं तर तो फार मारायचा असंही नाही. वळ उठले नव्हते म्हणून मी ते मारहाणीत मोजतच नव्हते.

दुसरीपाळी

अर्धविराम, लिहिलंत, बरं केलंत. पण तुमच्या शेवटच्या दोन वाक्यांवर मला थांबावंच लागेल, इतर वाचणाऱ्यांसाठी.

गळा धरणं हे 'फार मारलं नाही' यात येत नाही. २००८ च्या एका अमेरिकी अभ्यासात, जोडीदाराने आधी गळा आवळलेला असेल तर पुढे त्याच्याच हातून खून होण्याची शक्यता सातपटीहून जास्त दिसली. बाहेरून वळ नसतानाही आत इजा असू शकते. आवाज बसणं, गिळताना दुखणं, डोळ्यांत लाल ठिपके, काही क्षण शुद्ध हरपणं, यांतलं काहीही असलं तर डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवायचं आणि गळा आवळला होता हे स्पष्ट सांगायचं.

'तिला ठरवू दे' म्हणणारी मी, इथे मात्र थांबा म्हणणार नाही. हत्यार, जिवे मारण्याची धमकी, गळा, गरोदरपणातली मारहाण यांतलं काही कळलं तर त्याच दिवशी तिच्याशी बोला. आणि डोळ्यांसमोर मारहाण चालू असेल तर वाद न घालता सरळ पोलिसांना फोन.

रोखठोक७

माझा आवाज देण्याचा सल्ला मागे घेतो. पण परक्या माणसाला तक्रार करता येते का? उद्या आपल्यावरच उलटायचं.

शंकेखोर

भारतात येते. घरगुती हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याचं कलम ४ बघा. हिंसा झाली, होतेय किंवा होईल असं मानायला कारण असलेली कोणतीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते. चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. शिवाय त्यात शाब्दिक, मानसिक, आर्थिक छळही धरलाय. इंग्लंडमध्ये तर २०१५ पासून नुसता सततचा धाक आणि नियंत्रण हाही गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत शिक्षा.

दुसरीपाळी

बरोबर. मात्र जीवाला तातडीचा धोका नसेल तर आधी तिला विचारा, कारण दार तिचं वाजणार आहे. आणि कृपा करून हेल्पलाइनचा नंबर तिच्या फोनवर पाठवू नका. तो फोन बघत असेल, किंवा ती कुठे आहे हे त्याच्या फोनवर दिसत असेल. स्वतःचा फोन तिच्या हातात द्या आणि तुम्ही खोलीबाहेर थांबा.

जुनापुराणा

पोलीस हा पहिला उपाय नाही, असं मला अजूनही वाटतं. पण संसार टिकायचे असं लिहिलं, ते पुरतं खरं नाही. माझ्या धाकट्या बहिणीला आम्ही दोनदा समजावून परत पाठवलं. तिसऱ्यांदा ती आलीच नाही. आता वेगळी राहते, नोकरी करते. आम्हाला पत्ता दिलेला नाही.

उंबरठा

सगळ्यांचं वाचलं. काका, तुमचंही.

काल तिला मेसेज केला, कोणीही वाचला तरी चालेल असा. "माझ्या शिलाई मशीनचा पट्टा निसटतोय, तुला जमतं ना बसवायला? येशील का?" बराच वेळ उत्तर नव्हतं. रात्री साडेअकराला आलं.

"गुरुवारी दुपारी चालेल? माझी एक पिशवी पण ठेवायची आहे."

मशीन माझ्याकडे नाहीच, हे तिला चांगलं माहीत आहे.