स्पिन क्लाससाठी परवडणारे सायकलिंग शूज – मदत हवी आहे (तातडीने!)

घाईगडबड
नमस्कार. स्पिन क्लास लावलाय. सध्या रनिंग शूज घालून जाते, पण उभं राहून पेडल मारताना पाय सटकतो आणि क्लास संपेस्तोवर चवडा नुसता जळजळतो. बाकीच्यांचे बूट पेडलला खटकन अडकतात, तसले हवेत. ऑनलाइन बघायला गेले तर दोन बोल्ट, तीन बोल्ट, नायलॉन, कार्बन... डोकं फिरलं. बजेट बेताचं आहे. कोणते घेऊ? सेल संपत आलाय, लवकर सांगा.

चक्रपाणि
पेडल कोणतं आहे?

घाईगडबड
पेडल म्हणजे पेडल! जिमच्या सायकलला असतं तसं.

चक्रपाणि
अहो ताई, सगळं तिथेच तर अडतं. बुटाच्या तळाला क्लीट नावाचा तुकडा बोल्टने बसवतात आणि तो पेडलच्या जबड्यात अडकतो. दोघांची जात एक नसेल तर कितीही भारी बूट आणा, अडकणार नाही. स्पिनच्या सायकलींवर बहुतेक दोनच प्रकार दिसतात. एक एसपीडी, म्हणजे बारकं धातूचं क्लीट, दोन बोल्टचं. दुसरं लूक कंपनीचं डेल्टा, म्हणजे मोठं प्लास्टिकचं तिकोनी क्लीट, तीन बोल्टचं. काही पेडलांना एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला ते असतं. पेडल उलटंपालटं करून बघा आणि फोटो टाका.

रोडराजा
एकदाच काय ते चांगलं घ्या. कार्बन सोल, डायलने आवळायचे, तीन बोल्टवाले. ताकद अजिबात वाया जात नाही. १९८५ साली फ्रेंच सायकलपटू बर्नार इनोने लूकच्या पेडलांवर टूर द फ्रान्स जिंकली, तेव्हापासून रोडवाले हेच वापरतात.

निवांत
इनोला मध्येच उतरून पाण्याची बाटली भरायला गुळगुळीत फरशीवरून चालत जायचं नव्हतं हो. तीन बोल्टचं क्लीट तळाच्या बाहेर येतं, माणूस बदकासारखा चालतो. त्यांनी "बेताचं बजेट" लिहिलंय ते वाचलंत का?

रोडराजा
वाचलं. स्वस्त घेऊन दोनदा खर्च करण्यापेक्षा बरं, एवढंच म्हणतोय.

निवांत
जागच्या जागी उभ्या सायकलवर कार्बनचा फरक कुणाला कळणार आहे? क्लासला नायलॉनचा कडक सोल भरपूर झाला.

जलपरी
वजन कमी करायचं असेल तर पोहण्यासारखं काही नाही. सांध्यांवर भार येत नाही आणि बुटांचा प्रश्नच मिटला.

घाईगडबड
वजनाचं मी कुठे विचारलं???

चौकस
आठवड्यातून कितीदा जाता? पाय रुंद आहे का? रस्त्यावर चालवायची सायकल आहे का? नेहमी तीच सायकल मिळते की हाताला लागेल ती? महिनाभराने सोडणार असाल तर काहीच घेऊ नका. पेडलला पट्ट्याचा पिंजरा असेल तर पातळ, कडक सोलचे साधे बूट घाला आणि पट्टा नीट आवळा. रनिंग शूजचा सोल गादीसारखा दबतो, म्हणून चवडा जळतोय.

घाईगडबड
आठवड्यातून तीनदा जाते आणि सोडणार नाहीये. पाय पुढून रुंद आहे. बाहेरची सायकल नाही. सायकली सगळ्या सारख्याच आहेत. फोटो टाकलाय बघा. एका बाजूला पट्ट्याचा पिंजरा, खालच्या बाजूला बारका लोखंडी जबडा, त्याला स्प्रिंग.

चक्रपाणि
एसपीडी. सुटला प्रश्न. दोन बोल्टची भोकं असलेला बूट घ्या, शक्यतो एमटीबी (माउंटन बाइक) किंवा टूरिंग प्रकारातला. त्यात क्लीट सोलच्या खाचेत बसतं, त्यामुळे चालता येतं. वेल्क्रोच्या पट्ट्या किंवा लेस चालतील, डायलपायी पैसे वाढवू नका. आणि खोक्यात बहुधा क्लीट नसतात! वेगळी मागवा.

जुनं_ते_सोनं
माझ्याकडे लूक केओची क्लीट पडून आहेत, फुकट देईन.

चक्रपाणि
काका, केओ लूकच्याच डेल्टाला बसत नाही, एसपीडीला कुठून बसणार?

सायकलवेडी
एसपीडी क्लीटमध्ये शिमानोची दोन मॉडेलं येतात, त्यातलं एसएच-५६ घ्या, एसएच-५१ नको. ५१ मधून टाच बाजूला वळवली तरच पाय सुटतो. ५६ मधून इतर दिशांनीही सुटतो. नवख्या माणसाला ते बरं.

रोडराजा
आणि उभं राहून जोर लावताना पाय वर ओढला की ५६ भलत्या वेळी सुटतं, त्याचं काय? ५१ घ्या आणि पेडलच्या स्प्रिंगचा स्क्रू सैल करा.

सायकलवेडी
जिमच्या पेडलचा स्क्रू त्या कशा पिळत बसणार? प्रत्येक क्लासला?

रोडराजा
कोचला सांगायचं.

निवांत
५१ किंवा ५६, सुरुवातीला सावकाश अडकवून-सोडवून सराव करा. आणि एक गोष्ट कुणी सांगितली नाही. बऱ्याच स्पिन सायकलींचं फ्लायव्हील, म्हणजे जड चाक, पेडलांना फिक्स्ड असतं. तुम्ही थांबलात तरी चाक पेडलांना फिरवत राहतं. त्यामुळे आधी ब्रेकचा नॉब दाबून चाक पूर्ण थांबवा, मगच टाच बाहेर वळवा. चालत्या पेडलवरून पाय सोडवला तर पेडल फिरून नडगीवर बसतं.

अनुभवी_गुडघे
बुटांचं चाललंय ते ठीक, पण सीटची उंची बघितली का? पेडल खाली असताना गुडघा किंचित वाकलेला हवा. माझे गुडघे सीट खाली ठेवल्यानेच गेले.

घाईगडबड
सीट कोचने लावून दिली आहे. साइझचं सांगा! रनिंग शूजपेक्षा एक नंबर मोठा घेऊ का?

चौकस
नंबरवर जाऊ नका. संध्याकाळी कागदावर पाऊल ठेवून टाच ते सर्वांत लांब बोट सेंटिमीटरमध्ये मोजा आणि त्या त्या कंपनीच्या तक्त्याशी ताडून बघा. टाच उचलली जाता कामा नये, बोटं मात्र हलली पाहिजेत. लांबी वाढवून रुंदी भागवू नका, तशाने टाच सुटते. वाइड असं लिहिलेलं मॉडेल शोधा, आणि परत घेतात ना ते आधी बघा.

घाईगडबड
झालं. वाइडमधले, वेल्क्रोचे, दोन बोल्टवाले मागवले. क्लीट ५६. बसवायला काय लागतं?

चक्रपाणि
४ मिमीची ॲलन की (षटकोनी टोकाचा पाना). बोल्टला थोडं ग्रीस लावा. अंगठ्यामागचा चवड्याचा उंचवटा पेडलच्या आसावर येईल असं क्लीट ठेवा, शंका वाटली तर किंचित मागे. आधी अर्धवट आवळा, बसून बघा, मग घट्ट करा. पहिल्या क्लासनंतर बोल्ट पुन्हा तपासा. ते ढिले असले की टाच वळते पण क्लीट जागेवरच राहतं आणि पाय सुटतच नाही.

घाईगडबड
बूट आले, क्लासही झाला. सटकणं बंद. पण डाव्या पायाच्या करंगळीला मुंग्या येतात!!

रोडराजा
सोल मऊ असणार. म्हटलं होतं.

सायकलवेडी
सोलचा काय संबंध! पुढचा पट्टा फार आवळला असेल. बोटांकडचा सैल ठेवायचा, घोट्याकडचा घट्ट. मोजे जाड असतील तर बदला. तरी राहिलं तर क्लीट दोन-तीन मिलिमीटर मागे घ्या.

घाईगडबड
मोजे जाडच आहेत. उद्या पातळ घालून बघते.