सीडी-१३३ वाढला म्हणजे कर्करोगाची मूळपेशी सापडली का?

राजारामपुरीकर :
परवा येथे पायवाट यांनी लिहिले की, उंदराच्या यकृतात गाठ वाढते तशा सीडी-१३३ (पेशीच्या पृष्ठभागावरचे एक प्रथिन) असलेल्या पेशी वाढतात, म्हणजे कर्करोगाचा बुडखा, गाठीला पोसणारी मूळपेशी, सापडला. ऊस तोडला तरी खोडवा फुटतो, तेव्हा बुडखाच उकरा. दृष्टान्त आपल्याकडचा असल्याने टाळ्याही पडल्या. परंतु उंदराच्या निरोगी यकृतातही पित्तनलिकांच्या पेशींवर सीडी-१३३ असतोच, आणि इजा जुनाट झाली की या नलिकांचा पसारा वाढतो. वाढलेला मार्कर, म्हणजे पेशी ओळखण्याची ही खूण, गाठीचा की जखमेचा, हे गाठ आणि तिच्या शेजारचे ऊतक वेगवेगळे मोजल्याशिवाय कसे ठरणार? शिवाय २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत उंदरांच्या पेशींवर आधीच आनुवंशिक खूण करून ठेवली होती; यकृताच्या गाठी निघाल्या त्या पूर्ण वाढलेल्या यकृतपेशींतून, नलिकांतून नव्हे.

पायवाट :
महोदय, गाठ कोणत्या पेशीतून निघाली आणि गाठीला आता कोण पोसते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आपण त्यांची खिचडी केली आहे. २०१३ मध्ये डायइथाइलनायट्रोसअमाइन हे कर्करोग घडवणारे रसायन दिलेल्या उंदरांच्या यकृतातून, गाठ दिसण्यापूर्वीच, सीडी-४४ हा दुसरा मार्कर असलेल्या पेशींचे पुंजके वेगळे काढण्यात आले आणि दुसऱ्या उंदरांत सोडल्यावर त्यांचा कर्करोग झाला. याला काय म्हणावे?

राजारामपुरीकर :
अर्धेच सांगितलेत. जुनाट इजा असलेल्या यकृतात सोडल्या तेव्हाच कर्करोग झाला. निरोगी यकृतात त्याच पेशी गप्प बसल्या. म्हणजे आपल्या बुडख्याइतकेच महत्त्व रानालाही आहे.

काचपट्टी :
आपण दोघेही मार्करच्या आकड्यावर भांडता, परंतु तो आकडा येतो कसा, हे कोणी पाहिले आहे का? आमच्याकडे फ्लो सायटोमीटर (एकेक पेशीवरचा मार्कर मोजणारे यंत्र) नव्हता, म्हणून कोलॅजिनेज या ऊतक विरघळवणाऱ्या विकराने सुट्या केलेल्या यकृतपेशी थर्मासमध्ये बर्फावर ठेवून मी पहाटेच्या एसटीने पुण्याला नेत असे. एकदा खंबाटकी घाटात दोन तास गाडी अडकली आणि उतरले तेव्हा थर्मासमध्ये नुसते पाणी होते. त्या दिवशी सीडी-१३३ इतका भरघोस आला की मार्गदर्शकांनी पेढे मागवले. मेलेल्या पेशी कोणतीही अँटिबॉडी (मार्कर हुडकायला वापरायचे प्रथिन) चिकटवून घेतात, हे मला पुढे मृत पेशी ओळखणारा रंग वापरला तेव्हा उमगले. पेढे मात्र संपले होते.

पायवाट :
ताई, हा आपला निष्काळजीपणा झाला, मार्करचा दोष नव्हे.

काचपट्टी :
निष्काळजीपणा? चार वर्षे त्या थर्मासवर घालवली आहेत मी. आपल्या मूळ लेखातील आलेखात मृत पेशी वगळल्या होत्या का, एवढेच सांगा. कोलॅजिनेज जास्त वेळ ठेवले तर काही मार्कर पृष्ठभागावरून कापलेही जातात, म्हणजे चूक दोन्ही बाजूंनी होऊ शकते.

तालमीतला :
बर्फापेक्षा वाहतुकीचे माध्यम बदला. आम्हीही सांगलीहून पेशी नेताना साध्या बफरऐवजी सीरम घातलेले माध्यम वापरू लागलो, तेव्हा निम्मी रडारड थांबली.

काचपट्टी :
तेही केले होते. घाटाला सीरमचा काय उपयोग?

राजारामपुरीकर :
थर्मास बाजूला ठेवू. २००८ मध्ये मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगावर दिसले की, अधिक दुबळी प्रतिकारशक्ती असलेला उंदीर घेतला तर साधारण दर चौथी पेशी गाठ करते. आधीच्या उंदरांत तीच लाखो पेशींत एक वाटत होती. ही मूळपेशींची मोजदाद होती की उंदराची?

पायवाट :
मेलानोमाचे यकृताला लावू नका. २००७ मध्ये मानवी यकृत-कर्करोगाच्या पेशींत सीडी-१३३ असलेल्यांनीच उंदरांत अधिक सहज गाठी केल्या होत्या. आलेखाचे म्हणाल, तर मृत पेशी वगळल्या नव्हत्या, मानले. पुढच्या खेपेला गाठीशेजारचे ऊतकही मोजीन, आपल्या समाधानासाठी. बुडखा हा शब्द मात्र मागे घेणार नाही.

काचपट्टी :
घेऊ नका. पेशी पुण्याला नेणार असाल तर रात्रीची गाडी धरा.