मोडी वाचणारं कुणी आहे का? पणजोबांची बसऱ्याच्या इस्पितळातली पत्रं

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

सिन्नरच्या जुन्या घराची आवराआवर करताना पत्र्याच्या डब्यात पणजोबांची सात पत्रं सापडली. पहिल्या महायुद्धात ते मराठा पलटणीतून मेसोपोटेमियाला (आजच्या इराकला) गेले होते. पायाला गोळी लागून बसऱ्याच्या इस्पितळात पडून होते, तिथून पणजीला लिहिलेली ही पत्रं. शिक्का १९१६ चा, बाजूला सेन्सॉरचा दुसरा शिक्का.

सगळी मोडी लिपीत आहेत. हात न उचलता, शब्द न तोडता लिहिलेली, त्यात पेन्सिल पुसट झालेली. मला 'चि.' आणि 'बैल' एवढंच लागलं. बैलाचा उल्लेख तीन पत्रांत आहे, म्हणजे जखमेपेक्षा काळजी बैलाचीच असावी! दोन पत्रांचं अक्षर वेगळं दिसतं. तेव्हा बरेच शिपाई दुसऱ्याकडून लिहून घेत, तसंच असेल. पण मग मनातलं सगळं सांगता येत असेल का?

नाशिकमध्ये मोडी वाचून देणारं कुणी ओळखीचं आहे का? पंचवटी, कॉलेज रोड, देवळाली, कुठेही येईन. मूळ कागद हातातून सोडणार नाही, समोर बसून वाचायचं. रीतसर मानधन देईन.

अजून एक. घड्यांवर कागद तुटायला लागलाय. झेरॉक्सवाला लॅमिनेशन करून देतो म्हणाला, मी डबा उचलून घरी आले. लॅमिनेशन नकोच ना? आत्ता मोबाईलवर फोटो काढून ठेवलेत. आत्या ८८ वर्षांची आहे, तिला लवकर वाचून दाखवायचंय.