पहिला पोलिश विश्वकोश कुणाचा मानायचा?

जुनीपाने

'घोडा कसा असतो ते सगळ्यांना दिसतंच.' हे वाक्य पोलंडमध्ये शाळकरी मुलांनाही ठाऊक असतं. उघड गोष्ट समजावत बसू नये, अशा अर्थाने ते म्हणीसारखं रुळलंय. वाक्य आहे बेनेडिक्ट ख्मिएलोव्स्की या धर्मगुरूच्या 'नवी अथेन्स' या ग्रंथातलं. १७४५-४६ साली हा ग्रंथ ल्वुवमध्ये (आजचं युक्रेनमधलं ल्विव) छापला गेला आणि १७५४-५६ मध्ये वाढवून चार खंडांत पुन्हा निघाला. पोलिश भाषेतला पहिला विश्वकोश म्हणून त्याचं नाव घेतात खरं, पण त्या एका वाक्यापायी दोन-अडीच शतकं त्याची टिंगलच होत आलीय.

मला हा अन्याय वाटतो. फिर्लेयुव नावाच्या खेड्यातला हा पाद्री. आसपास ना विद्यापीठ ना विद्वानांचं मंडळ. विद्वत्तेची भाषा तेव्हा लॅटिन होती, तरीही त्याने देव, देश, नद्या, प्राणी, राजे, शास्त्रं असं सगळं पोलिशमध्ये आणलं. शीर्षकातच तो वाचक कोण ते सांगतो: शहाण्यांना स्मरणासाठी, अडाण्यांना शिकण्यासाठी, राजकारण्यांना व्यवहारासाठी आणि खिन्न माणसांना विरंगुळ्यासाठी. 'अडाण्यांना शिकण्यासाठी' हे मला फार मोलाचं वाटतं. पहिल्या विश्वकोशाचा मान निःसंशय त्याचाच. तुम्हाला काय वाटतं?

तर्कसंगत

पूर्ण असहमत. प्रश्न घोड्याचा नाहीच. या ग्रंथात ड्रॅगन आहेत, भुतंखेतं आहेत, चेटकिणी आहेत, आणि त्या खऱ्याच आहेत असं धरून लिहिलंय. त्या काळी पोलंडमध्ये चेटकीण ठरवून बायकांवर खटले चालत, त्यांना जाळलं जाई. तिथल्या संसदेने छळ करून कबुली घेणं आणि चेटुकासाठी देहदंड देणं बंद केलं ते १७७६ साली, म्हणजे दुसऱ्या आवृत्तीनंतर वीस वर्षांनी. अशा समाजात हाती दिलेलं 'ज्ञान' निरुपद्रवी नसतं.

काळाचंही बघा. पॅरिसमध्ये फ्रेंच विचारवंत दिदरोच्या विश्वकोशाचा पहिला खंड १७५१ मध्ये बाहेर पडला होता. त्यानंतर तीन वर्षांनी ख्मिएलोव्स्की आपली आवृत्ती वाढवतोय आणि चेटकिणी जागच्या जागी. माझ्या मते पहिला खरा पोलिश विश्वकोश कवी आणि बिशप इग्नात्सी क्रासित्स्कीचा, १७८१-८३ चा, दोन खंडांचा. त्याच्या नावाचा अर्थच 'अधिक गरजेच्या माहितीचा वर्णक्रमाने लावलेला संग्रह' असा आहे. काय गरजेचं आणि काय नाही हे ठरवणारा संपादक तिथे पहिल्यांदा दिसतो.

नदीकाठ

तर्कसंगत यांना +१. मांडणीचा मुद्दा मात्र आणखी ठासून सांगायला हवा. 'नवी अथेन्स' विषयवार आहे. एखादी नदी शोधायची तर ती कोणत्या प्रकरणात असेल हे आधीच माहीत हवं. म्हणजे ज्याला थोडंफार येतं त्यालाच तो ग्रंथ वापरता येतो. वर्णक्रमाने लावलेल्या कोशात मुळाक्षरं येणारा कुणीही थेट हव्या त्या पानावर पोचतो. अडाण्यांसाठी लिहितो म्हणणारा ख्मिएलोव्स्की त्यांच्या हाती किल्ली देत नाही, क्रासित्स्की देतो.

जुनीपाने

तर्कसंगत, चेटकिणींचा मुद्दा गंभीर आहे, तो मी झटकत नाही. पण त्या समजुती ख्मिएलोव्स्कीच्या डोक्यातून निघालेल्या नाहीत. प्राचीन रोमचा प्लिनी, सतराव्या शतकातला किर्खर अशा लेखकांकडून त्या शतकानुशतकं चालत आल्या होत्या. तो जागोजागी ग्रंथकारांची नावं देतो, कुणाचं मत काय ते सांगतो. पुढच्या माणसाला तपासून खोडता यावं इतकी सोय त्याने नक्की ठेवलीय.

आणि पॅरिसशी तुलना करताना पाठबळही मोजा. दिदरोच्या मागे लेखकांची फौज होती, आगाऊ पैसे भरणारे हजारो वर्गणीदार होते. वॉर्सामधलं झालुस्की बंधूंचं मोठं ग्रंथालय वाचकांना खुलं झालं तेच मुळी १७४७ मध्ये, 'नव्या अथेन्स'ची पहिली आवृत्ती छापून झाल्यावर.

सह्यवासी

झालुस्की ग्रंथालयाचा उल्लेख आला म्हणून थोडं अवांतर. सुमारे चार लाख ग्रंथांचा तो संग्रह रशियनांनी त्यांच्याविरुद्धच्या १७९४ च्या पोलिश उठावानंतर उचलून पीटर्सबर्गला नेला. पहिल्या महायुद्धानंतर त्यातला काही भाग परत मिळाला आणि १९४४ मध्ये जर्मनांनी वॉर्सात तो जाळला. पोलिश विश्वकोशांबद्दल बोलताना हे विसरून चालणार नाही. ज्या देशाची ग्रंथालयंच पळवली जातात, तिथे कोश करणं म्हणजे काय असेल!

म्हणूनच माझं मत तुम्हा दोन्ही पक्षांपेक्षा वेगळं आहे. ख्मिएलोव्स्की असो की क्रासित्स्की, दोघेही एकेकट्याचे ग्रंथ. एका माणसाचं वाचन कितीही अफाट असलं तरी विश्वकोश होत नाही. तो झाला सॅम्युएल ऑर्गेलब्रांडच्या हातून, १८५९ ते १८६८ या काळात, २८ खंडांत. तेव्हा पोलंड नावाचं राष्ट्र नकाशावर नव्हतं. वॉर्सात झारची सत्ता होती, छापण्याआधी मजकूर सेन्सॉरकडे जाई. झारविरुद्धचा १८६३ चा उठाव या कामाच्या मधोमध झाला आणि चिरडला गेला, तरी खंड निघत राहिले. इतिहासावर बार्तोशेव्हिच, लोकजीवनावर कोलबेर्ग असे त्या त्या विषयातले जाणकार लिहिते केले. आणि प्रकाशक ऑर्गेलब्रांड हा वॉर्साचा ज्यू. याच वर्षांत त्याच्या छापखान्यात बॅबिलोनियन तालमूद हा ज्यूंचा धर्मग्रंथही छापला जात होता. एकाच छताखाली या दोन कामांचे खिळे जुळत होते, हे मला आजही विलक्षण वाटतं.

तर्कसंगत

ऑर्गेलब्रांडची थोरवी मान्य. पण धागा 'पहिला कोण' याचा आहे, 'सर्वांत मोठा कोण' याचा नाही. अनेक लेखक हवेत ही अट लावली तर क्रासित्स्कीच्या संग्रहाचं काय म्हणायचं? शेजारी सत्तांनी १७७२ मध्ये केलेल्या पोलंडच्या पहिल्या फाळणीत त्याचं बिशपपदाचं क्षेत्र वार्मिया प्रशियाच्या घशात गेलं होतं. तिथे राहून पोलिश वाचकाला पोलिशमध्ये जगाची माहिती देणं हीसुद्धा एक भूमिकाच होती.

सह्यवासी

भूमिका होती, पण आधार मुख्यतः फ्रेंच कोशांचा. ऑर्गेलब्रांडलाही जर्मन ब्रॉकहाउस कोशाचा नमुना समोर होता, पण पोलंडविषयीच्या नोंदी त्याने मुद्दाम ऐसपैस लिहून घेतल्या. शाळांमधून जो इतिहास शिकवता येत नव्हता, तो घरातल्या कपाटात येऊन बसला. हा फरक मला निर्णायक वाटतो.

नदीकाठ

मग वर्णक्रमाचं श्रेय पुन्हा क्रासित्स्कीकडेच जातं. ऑर्गेलब्रांडचे २८ खंड त्याच वाटेने गेले. 'नव्या अथेन्स'ची मांडणी पुढे कुणी उचलली?

जुनीपाने

मांडणी नाही उचलली, मान्य. वाचक उचलला. त्या शीर्षकातल्या अडाण्यासाठी पोलिशमध्ये जाड ग्रंथ छापायचा आणि तो खपतो, दहा वर्षांत वाढीव आवृत्ती काढावी लागते, हे क्रासित्स्कीच्या पस्तीस वर्षं आधी फिर्लेयुवच्या पाद्र्याने करून दाखवलं. घोड्याच्या वाक्याचंही तेच. त्याचा वाचक रोज घोड्यावर बसणारा, घोडा विकत घेणारा. त्याने कधीच न पाहिलेले प्राणी आणि देश यांना जागा द्यायची म्हणून घोडा कसा दिसतो हे सांगत न बसणं, हा मला संपादकाचाच निर्णय दिसतो. तर्कसंगत, काय गरजेचं हे ठरवणारा संपादक तुम्ही १७८१ मध्ये शोधताय. मला तो १७४५ मध्येच भेटतो.