८१ माणसांची नगरपालिका चालते कशी?

मी देवगडकडच्या एका गावची ग्रामपंचायत सदस्य. आमच्या वाडीत बावीस घरं, त्यातली तेरा गणपतीपुरती उघडतात. मेक्सिकोच्या ओहाका राज्यातल्या सांता माग्दालेना हिकोत्लानमध्ये २०२० च्या जनगणनेत फक्त ८१ माणसं निघाली, तरी ती स्वतंत्र नगरपालिका! आम्हाला सात सदस्य मिळवताना नाकीनऊ येतात. तिथे कारभार कोण बघतं?

उत्तर १
ताई, त्यांच्या राज्यघटनेचं ११५ वं कलम बघा. अध्यक्ष, 'सिंदिको' म्हणजे पालिकेची कायदेशीर बाजू बघणारा, आणि 'रेहिदोर' म्हणजे सदस्य, असं मंडळ असतं. ओहाकात लहानमोठ्या मिळून ५७० नगरपालिका आहेत. चारशेहून जास्त ठिकाणी पक्षच नाहीत. गावसभा भरते आणि जुन्या रिवाजाने माणसं निवडते. पद म्हणजे सेवा, बऱ्याच गावांत बिनपगारी.

उत्तर २
त्यात 'तेकिओ' पण आहे, आपलं श्रमदानच. रस्ता, पाणी, शाळा, सगळ्याला घरटी माणूस. पोटासाठी बाहेर गेलेल्यालाही कित्येक गावं पदासाठी बोलावून घेतात. नाही जमलं तर बदली माणूस नाहीतर पैसे.

ताई
हे बाहेरगावच्यांना बोलावणं मला फार पटलं. गेल्या डिसेंबरात वनराई बंधाऱ्याला आम्ही सातजण होतो, पाच साठीच्या पुढचे. सिमेंटच्या रिकाम्या गोणींत वाळू भरताना एका काकांचे हात थरथरत होते, तरी गोणीचं तोंड त्यांनीच शिवलं. आपल्या सिंधुदुर्गाची लोकसंख्या २००१ ते २०११ मध्ये घटलीच की. यंदा आरतीनंतर चाकरमान्यांसमोर विषय काढते: घरटी एक माणूस, दोन दिवस, बंधाऱ्याला.